‘नीट शिजले’ म्हणजे काय?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचे शिबिर भरले होते. तेथे ‘स्वयंपाकघरातील विज्ञान’ या विषयावर बोलायला आम्ही गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका शिक्षकांनी विचारले, “डाळ शिजण्याआधीच मीठ घातले तर ती लवकर शिजत नाही, असे घरोघरी म्हणतात. याचे शास्त्रीय कारण काय?” आम्ही लगेच उत्तर दिले : मीठ विरघळल्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, पाणी उकळायला उशीर होतो, म्हणून डाळही उशिरा शिजते. बहुतेकांनी ते वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक वयस्कर बाई उठून म्हणाल्या, “सर, उत्कलनबिंदू वाढला म्हणजे पाणी जास्त तापले. मग डाळ उलट लवकर शिजायला नको का? कुकरमध्ये तर तसेच होते. आणि तो वाढतो म्हणजे नेमका किती वाढतो?”

आम्ही निरुत्तर झालो. मग खडू घेऊन सगळ्यांसमोर हिशेब मांडला. एक किलो पाण्यात एक मोल, म्हणजे सुमारे ५८.५ ग्रॅम मीठ विरघळले, तर उत्कलनबिंदू साधारण एक अंश सेल्सिअसने वाढतो. लिटरभर पाण्यातल्या डाळीत आपण घालतो चमचाभर, म्हणजे सहाएक ग्रॅम. वाढ झाली एक दशांश अंश! समुद्राच्या पाण्याइतकी खारट डाळ केली, तरी ही वाढ अर्ध्या अंशाच्या जरा वर जाईल, इतकेच. उलट समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणजे मिठाचा जो परिणाम आम्ही एवढ्या आत्मविश्वासाने सांगितला, तेवढा फरक त्याच इमारतीच्या दहाव्या मजल्यावर डाळ शिजत ठेवल्यानेही पडला असता. आमच्या उत्तराची दिशा चुकली होती आणि मापही चुकले होते. त्यात सांगितलेला नियम मात्र अगदी बरोबर होता.

या लेखात आम्हांला टीका करायची आहे ती अशा उत्तरांवर. ती गाइडांत सापडतात, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत सापडतात, अलीकडे मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत सापडतात, आणि आमच्यासारख्या संशोधकांच्या व्याख्यानांतही सापडतात. स्वयंपाकासंबंधीच्या नेहमीच्या प्रश्नांना त्यांत एक ‘शास्त्रीय कारण’ जोडलेले असते. कारण ऐकायला भारदस्त असते आणि बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या खऱ्या नियमावर बेतलेले असते. परंतु ‘किती?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

एक शब्द, अनेक घटना

गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी ‘शिजणे’ या शब्दात आहे. रीत सांगायला मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. उकडणे, वाफवणे, भाजणे, परतणे, तळणे हे सगळे शब्द आपण नेमकेपणाने वापरतो. पण या साऱ्यांतून जे साधायचे, त्याला आपण ‘शिजले’ हा एकच शब्द लावतो. प्रत्यक्षात पातेल्यात एकाच वेळी अनेक घटना घडत असतात आणि प्रत्येकीचे तापमान व वेळ वेगळी असते.

तांदळातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात. हे साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान सुरू होते. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंशांच्या आसपास गोठू लागतो, पण चांगला घट्ट व्हायला ८० अंशांपर्यंत जावे लागते. पिवळा बलक ६५ ते ७० अंशांना घट्ट होतो. डाळीच्या आणि भाजीच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन मात्र पुरेसे विरघळायला ८५-९० अंशांच्या वर बराच वेळ जावा लागतो. म्हणूनच अंडे दहा मिनिटांत होते आणि तुरीची डाळ उघड्या पातेल्यात तासभर रटरटत बसते. भाकरीला पडणारे खरपूस डाग, कांद्याचा तांबूस रंग आणि भाजल्याचा वास ही आणखी निराळी गोष्ट आहे. साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातली ही अभिक्रिया लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केली. ती जोमाने व्हायला १४० अंशांच्या आसपास तापमान हवे. उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे उकडलेला बटाटा कितीही वेळ ठेवला तरी तांबूस होत नाही.

येथेच आणखी एका चुकीची नोंद करून ठेवू. तळणाचे तेल ‘उकळत’ असते, असे आपण सर्रास बोलतो आणि लिहितोही. कढईतले तेल १७० ते १८० अंशांना असते, पण ते उकळत नसते. वड्याभोवती जे बुडबुडे दिसतात ते वड्यातल्या पाण्याच्या वाफेचे असतात. वडा काढला की ते थांबतात. तेल उकळायच्या पुष्कळ आधी त्यातून धूर येऊ लागतो. विद्यार्थ्याला हे नुसते सांगण्याऐवजी “वडा बाहेर काढल्यावर बुडबुडे कुठे गेले?” असे विचारले, तर तो स्वतःच उत्तरापर्यंत पोचतो.

म्हणून ‘नीट शिजले का?’ या प्रश्नाचे निदान तीन प्रश्न करायला हवेत. ते मऊ झाले का? ते खायला निर्धोक झाले का? त्यातले पोषण शिल्लक राहिले का? या तिन्हींची उत्तरे एकच असतील असे नाही. प्रचलित सल्ल्यांतली बरीचशी गफलत यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे होते.

आच आणि उकळी

उकळत्या पाण्याचे तापमान स्थिर राहते, हे आपण शाळेतच शिकवतो. आलेखही काढून घेतो : तापमान चढत जाते आणि उत्कलनबिंदूला रेषा आडवी होते. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो. पण हाच आलेख घरातल्या शेगडीला लावून पाहा, असे सांगणारा प्रश्न आम्ही क्वचितच पाहिला आहे. उकळी आल्यावर आच मोठी ठेवली तर बटाटे लवकर उकडतात, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. मंद उकळी असो की खळखळती, पाण्याचे तापमान तेच असते. जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते, आणि वाफ करणे फार महाग पडते. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, तर त्याच एका ग्रॅमची वाफ करायला ५४० कॅलरी. म्हणजे साडेसातपटींहून अधिक. झाकण ठेवा आणि उकळी आल्यावर आच कमी करा, या घरगुती सल्ल्याच्या पाठीशी एवढा भक्कम आकडा उभा आहे. पाठ्यपुस्तकातल्या अप्रकट उष्म्याच्या धड्यात मात्र त्याचा मागमूस नसतो.

पिण्याचे पाणी ‘वीस मिनिटे उकळा’ हा सल्ला याच मापाने तपासून पाहू. समजा, एका आचेवर लिटरभर पाणी पाच मिनिटांत उकळले. त्याच आचेवर ते आणखी वीस मिनिटे ठेवले, तर इंधन लागले पाचपट. त्या वीस मिनिटांत दिलेली उष्णता साधारण २८० किलोकॅलरी होते. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ अर्धा लिटर पाणी वाफ होऊन जाते. पदरात काय पडले? पटकी, हगवण, कावीळ यांसारख्या रोगांचे जंतू आणि विषाणू उकळी येईपर्यंतच निकामी होतात. दुधाचे पाश्चरीकरण ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवून होते, हे लक्षात घेतले म्हणजे १०० अंश किती पुरेसे आहेत ते कळते. पाण्याला खळखळून उकळी आली की पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र एक मिनिट उकळायला सांगते, आणि सुमारे दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे.

खळखळून उकळी येण्याचे महत्त्व एवढेच, की ती डोळ्यांना दिसते. घरात तापमापी नसली तरी उकळी हीच तापमापी होते. ज्या घरात सरपण वेचून आणावे लागते किंवा सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो, तेथे वीस मिनिटांचा सल्ला ऐकून माणूस पाणी वीस मिनिटे उकळतो असे नाही. तो उकळायचेच सोडून देतो. सल्ला जास्त कडक केला म्हणजे जास्त सुरक्षित होतो, हा समज त्यामुळे धोक्याचा ठरतो. शिवाय उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. असे पाणी आटवून अर्धे केले, तर फ्लोराइडचे प्रमाण दुप्पट होईल. ‘उकळलेले पाणी शुद्ध’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कशापासून शुद्ध, ते सांगितले पाहिजे.

शिट्टी हे वेळेचे एकक नव्हे

देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले वाफेचे बंद भांडे मांडले. आजचा कुकर त्याचाच वंशज आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या कुकरमध्ये बाहेरच्या दाबापेक्षा चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब राहतो आणि आतले पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. दर दहा अंशांना अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा धरला तर वीस अंशांना तो चौपट होतो. डाळ तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटांत होते, हा आपला अनुभव त्याच्याशी जुळतो.

परंतु पाककृती लिहिणारे सांगतात : ‘चार शिट्ट्या कराव्यात.’ शिट्टी म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला, तेव्हा उचललेले वजन. आच मोठी असेल तर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतील, बारीक असेल तर पंधरा मिनिटांत. आतले तापमान दोन्ही वेळा जवळपास तेच, पण शिजायला मिळालेला वेळ पाचपट वेगळा. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटे मोजावीत, हे बरोबर. जास्तीची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली वाफ आणि वाया गेलेले इंधन. आमच्या घरीही शिट्ट्याच मोजल्या जातात, हे येथे कबूल केलेले बरे.

कुकरवर आणखी एक आरोप केला जातो, की त्यात जीवनसत्त्वे ‘मरतात’. तापमान जास्त असते हे खरे. पण वेळ कमी लागतो, पाणी कमी लागते आणि हवा जवळजवळ नसते. क आणि ब गटातली जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, म्हणून सर्वांत मोठा तोटा होतो तो उकडलेले पाणी फेकून दिल्यामुळे. कुकरमध्ये होणारा नाश उघड्या पातेल्यापेक्षा अधिक असतोच असे नाही. बऱ्याचदा तो कमी असतो. भाताची पेज पिण्याची कोकणातली पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे. येथेही ‘तापमान जास्त म्हणून नाश जास्त’ हा अर्धा नियम सांगितला गेला आणि वेळेचा हिशेब राहून गेला.

मग डाळ का शिजत नाही?

त्या बाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही, ते आता देतो. डाळ मऊ होणे हे मुख्यतः पेक्टिन विरघळण्यावर अवलंबून आहे. आम्लात पेक्टिन टिकून राहते. म्हणून चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी घातला तर डाळ शिजायला खरोखरच उशीर होतो. आपल्या आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावर घालायची रीत आहे, ती त्यामुळेच योग्य आहे. दुसरे कारण कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे. बोअरच्या जड पाण्यातले हे क्षार पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधून टाकतात. तिसरे कारण धान्याच्या वयाचे. उष्ण आणि दमट जागी फार दिवस साठवलेली कडधान्ये अशी बदलतात, की ती कितीही शिजवली तरी कडक राहतात. खाण्याचा सोडा घातला की डाळ झटपट मऊ होते, कारण अल्कलीत पेक्टिन लवकर विरघळते. मात्र त्याबरोबर थायमिन हे ब गटातले जीवनसत्त्वही नाश पावते.

आणि मीठ? गंमत अशी, की कडधान्ये मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवली तर त्यांची साले लवकर मऊ पडतात. सोडिअमचे आयन पेक्टिनमधल्या कॅल्शिअमची जागा घेतात, हे त्याचे कारण. म्हणजे मिठाच्या बाबतीत लोकांचा समज तपासून पाहण्याजोगा होता. आम्ही तो तपासला नाही. आम्ही फक्त त्याला एक नियम चिकटवून दिला. चिंचेच्या बाबतीत लोकांची रीत बरोबर होती आणि कारण आम्ल हे होते. चांगली टीका करायची तर रीत आणि तिचे सांगितलेले कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कारण चुकीचे ठरले म्हणून रीत चुकीची ठरत नाही, आणि रीत बरोबर आहे म्हणून तिचे कारणही बरोबर आहे असे होत नाही.

थोरांच्याही हातून

अशा चुका लहानसहान माणसांच्याच हातून होतात असे नाही. युस्टुस फॉन लीबिग हा एकोणिसाव्या शतकातला फार मोठा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४७ साली अन्नाच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले. मांस एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात, त्यांचे कवच बनते आणि रस आत कोंडून राहतो, असे त्याने मांडले. युरोप-अमेरिकेतल्या पाककृतींनी हे तत्त्व उचलले आणि तेथून ‘आधी मोठ्या आचेवर परता, म्हणजे रस कोंडला जाईल’ असा नियम जगभर गेला. आपल्याकडेही मटण परतताना कोणी ना कोणी हे कारण सांगतोच.

१९३०च्या दशकात अमेरिकेत मांस शिजवण्यापूर्वी व नंतर वजन करून पाहण्यात आले. आधी परतलेल्या मांसातून रस कमी गेला नव्हता. खरे तर वजन करायचीही गरज नाही. परतलेले मांस कढईत चुरचुरत राहते, तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. कवच असते तर आवाज थांबला असता. परतल्याने चव येते हे निर्विवाद, पण ती मेयारच्या अभिक्रियेने येते. ही चूक शंभर वर्षे टिकली, कारण सांगणारा मोठा होता आणि कारण पटण्यासारखे होते. तराजू मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात होता.

जेथे सूट नाही

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून कोणाला वाटेल, की कमी उकळावे, कमी शिजवावे असाच आमचा सांगावा आहे. तसे नाही. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब व्हायला पुरतात. राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळावा. त्यासाठी दहा मिनिटे ही किमान मर्यादा सांगतात, काही मार्गदर्शिका तीस मिनिटे सांगतात. येथे उकळी आली की पुरे, हे चालत नाही. ८० अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवलेला राजमा मऊ लागेल, पण विष पुरते जाणार नाही. आपल्या कुकरमध्ये ही काळजी उरत नाही. विजेच्या मंद आचेच्या भांड्यात मात्र ती घ्यावीच लागते. पाण्याला वीस मिनिटे नकोत आणि राजम्याला दहा मिनिटे तरी हवीतच. ‘उकळणे’ एकच असले तरी माप वेगळे आहे.

दुसरे उदाहरण भाताचे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत बराच वेळ राहिला, की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतले एक विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ‘पुन्हा चांगले गरम केले की झाले’ हा सल्ला येथे उपयोगाचा नाही. शिजवलेला भात लगेच खावा, नाहीतर ६० अंशांच्या वर गरम ठेवावा किंवा लवकर निववून थंड जागी ठेवावा.

हा मुद्दा शिक्षकांसाठी नुसता पुस्तकी नाही. शाळेतील पोषण आहार योजनेत मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखून पाहावे, असा दंडक आहे. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. पण शीत चेपून कळते ते फक्त मऊ झाले की नाही एवढेच. ते अन्न किती वेळ कोमट पडून होते, ते शितावरून कळत नाही. आणि शिजवल्याने सगळेच दोष जातात, हा समज किती घातक आहे ते १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसले. शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते अन्न कच्चे नव्हते, पण कीटकनाशकावर स्वयंपाकाच्या उष्णतेचा भरवसा धरता येत नाही. साठवणीची जागा, तेलाचा डबा, शिजवल्याची वेळ आणि वाढल्याची वेळ यांची नोंद ही चव पाहण्याइतकीच महत्त्वाची आहे.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तकातले नियम बदलायला हवेत असे आमचे म्हणणे नाही. ते बरोबर आहेत. त्यांना माप जोडायला हवे, एवढेच. त्यासाठी दोन सोपे प्रयोग सुचवतो. आठवी-नववीचे विद्यार्थी ते शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज करू शकतील.

पहिला प्रयोग : एकाच मोठ्या बटाट्यातून दोन आणि चार सेंटिमीटर बाजूचे घन कापा. उकळत्या पाण्यात एकदम टाका आणि दर मिनिटाला सुईने टोचून पाहा. मध्यभाग मऊ व्हायला किती मिनिटे लागली ते लिहा. उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. प्रत्यक्षात गुणोत्तर अगदी चार येणार नाही, पण दोनपेक्षा चारच्या जवळ येईल. का येत नाही, यावर चर्चा करा. इंधन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय विळी हाच आहे, हे मुलांच्या लक्षात येईल.

दुसरा प्रयोग : सारख्या दोन पातेल्यांत सारखे पाणी आणि सारख्या आकाराचे बटाटे घ्या. उकळी आल्यावर एक मोठ्या आचेवर ठेवा आणि दुसरे झाकण ठेवून जेमतेम उकळत राहील अशा आचेवर ठेवा. दोन्हींचे तापमान, बटाटे मऊ व्हायला लागलेला वेळ आणि शेवटी उरलेले पाणी मोजा. गेलेल्या पाण्याच्या ग्रॅमांना ५४० ने गुणले, की वाया गेलेल्या कॅलऱ्या मिळतात. जमल्यास शाळेच्या गावचा उत्कलनबिंदूही मोजा. पुण्यात तो ९८ अंशांच्या आसपास येतो, महाबळेश्वरला ९५-९६. लेहमध्ये तो ८८ पर्यंत उतरतो, आणि म्हणून तेथे कुकरशिवाय डाळ शिजवणे जिकिरीचे होते. पुस्तकात १०० लिहिले आहे आणि आपल्या तापमापीत ९८ दिसते, तेव्हा बरोबर कोण, हा प्रश्न मुलांना पडू द्यावा.

त्या शिबिरात हिशेब संपल्यावर आम्ही शिक्षकांना आमचे पहिले उत्तर वहीतून खोडायला सांगितले. काहींनी खोडले. पण त्यापूर्वी कितीतरी शिबिरांत आम्ही तेच उत्तर दिले होते. त्या वह्या आता कोठे असतील, आणि त्यांवरून कितीजणांनी वर्गात ते शिकवले असेल, कोण जाणे. आमचे ते उत्तर आपल्यापैकी कोणापाशी असेल, तर ते खोडावे. आणि त्याजागी दुसरे तयार उत्तर लिहिण्याऐवजी त्या बाईंचा प्रश्न लिहून ठेवावा : किती?